बाळदमा : इस्पितळात जास्त कोणाचं मूल?

गेल्या महिन्यात माझ्या दवाखान्यात एक आजी आल्या होत्या. लेकीच्या मुलीला लस द्यायला. लस देऊन झाली, नात रडून शांत झाली, आणि निघता निघता आजी दारात थांबल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, एक विचारू का? माझा मुलगा इंग्लंडला असतो. त्याचा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला बाळदमा आहे. दोन वर्षांत तीनदा ॲडमिट करावं लागलं. तिथं म्हणे डॉक्टर फुकट, औषध फुकट. आपल्यासारखी धूळही नाही. शेजारच्या गोऱ्या मुलालाही दमा आहे, पण तो एकदाही ॲडमिट झाला नाही. मग आमच्याच पोराला का?"

बाहेर रांग होती, म्हणून त्यांना म्हटलं, पुढच्या लसीला याल तेव्हा सावकाश बोलू. पण प्रश्न डोक्यातून जाईना. एका मुलावरून काही ठरवता येत नाही, हे खरं. शेजारच्या मुलाचा दमा सौम्य असेल, याचा तीव्र असेल. पण हाच प्रश्न एका मुलाऐवजी हजारो मुलांबद्दल विचारला, तर तो फार गंभीर होतो. दम्यानं आजारी पडलेली कोणत्या समाजातली, कोणत्या वस्तीतली मुलं इस्पितळात जास्त जातात, आणि का? आज त्याबद्दलच बोलू या.

आधी दमा म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. आपल्या श्वासनलिका फुप्फुसात शिरल्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक बारीक होत जातात. दम्यात या बारीक नळ्यांना आतून सूज असते. मूल हसत-खेळत असतं तेव्हाही ती थोडीफार असतेच. मग सर्दीचा विषाणू, धूर, धुळीतले किडे, मांजराचे केस, थंड हवा असं काही निमित्त झालं, की सूज वाढते, नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो. छाती घरघरते, मुलाचं पोट उडायला लागतं, बोलताना वाक्य पुरं होत नाही. यालाच आपण 'अटॅक आला' म्हणतो.

औषधं मुख्यतः दोन प्रकारची. एक तात्काळ आरामाचं. ते आवळलेले स्नायू सैल करतं, पाच-दहा मिनिटांत मूल मोकळा श्वास घेतं. दुसरं प्रतिबंधाचं, म्हणजे श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड. ते आतली सूज हळूहळू उतरवतं. त्यानं लगेच काहीच जाणवत नाही, म्हणूनच ते रोज घ्यावं लागतं, मूल बरं असतानाही. इंग्लंडात आरामाचा पंप बहुधा निळा असतो आणि प्रतिबंधाचा बहुधा तपकिरी. मोठ्या मुलांना आता दोन्ही औषधं एकाच पंपातून देण्याची पद्धतही आली आहे. पण तत्त्व तेच. सूज आवरली नाही, तर नुसत्या आरामाच्या औषधावर फार काळ निभत नाही.

एवढं लक्षात घेतलं, की पुढची गोष्ट कळते. दमा असणं वेगळं आणि दम्यासाठी इस्पितळात भरती व्हावं लागणं वेगळं. बहुतेक मुलांचा दमा घरच्या घरी ताब्यात राहू शकतो. काही मुलांचा दमा मुळातच अवघड असतो, त्यांची गोष्ट निराळी. पण एखाद्या समाजातली मुलं वारंवार भरती होत असतील, तर तो आकडा केवळ आजाराचा नसतो. इस्पितळाच्या बाहेर काय काय राहून गेलं, त्याचा तो हिशेब असतो.

हा हिशेब ब्रिटनमध्ये मांडता आला, कारण तिथल्या जनगणनेत १९९१ पासून प्रत्येकाला आपला वंशगट विचारला जातो. २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिथल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी दम्याचं निदान केलेल्या मुलांचं प्रमाण गोऱ्यांत शेकडा १०.६, कृष्णवर्णीयांत १५, आणि दक्षिण आशियाई, म्हणजे भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी वंशाच्या मुलांत सर्वांत कमी, ७.६ निघालं. आता भरतीचे आकडे पाहा. यात मुलांबरोबर मोठी माणसंही आहेत. गोऱ्यांच्या तुलनेत दम्यासाठी भरती होण्याची शक्यता कृष्णवर्णीयांत सुमारे दुप्पट आणि दक्षिण आशियाई लोकांत जवळजवळ तिप्पट.

म्हणजे निदान सर्वांत कमी आणि भरती सर्वांत जास्त! हे गणित उलटं दिसतं, पण त्याचे दोन अर्थ लागतात. एक तर काही मुलांचा दमा ओळखलाच जात नाही, तो थेट अटॅक येऊन इस्पितळात गेल्यावर कळतो. किंवा ओळखला जातो, पण ताब्यात ठेवला जात नाही. अभ्यासकांना दोन्ही गोष्टी दिसल्या आहेत.

'दक्षिण आशियाई' हा शब्दही फार मोठी झाकणी आहे. स्कॉटलंडमध्ये २००१ च्या जनगणनेची नोंद इस्पितळांच्या नोंदींशी जोडून शेहेचाळीस लाखांवर लोकांचा अभ्यास झाला. त्यात पाकिस्तानी वंशाच्या लोकांची भरती गोऱ्या स्कॉटिश लोकांच्या सुमारे दीडपट निघाली, भारतीय वंशाच्या पुरुषांची साधारण एकतृतीयांशानं जास्त, आणि चिनी वंशाच्या लोकांची बरीच कमी. झाकणी उचलली, की प्रत्येक भांड्यात वेगळं काही दिसतं.

आता आजींचा मुद्दा. तिथं डॉक्टर फुकट, औषध फुकट. अगदी खरं आहे. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ साली सुरू झाली, आणि मुलांच्या औषधांना तिथं पैसे पडत नाहीत. म्हणजे या फरकाचं कारण औषधाची किंमत नाही. मग दुसरं काय?

२०१४ साली प्रा. मोनिका लखनपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनसारख्या देशांतल्या दक्षिण आशियाई मुलांच्या दम्यावरचे अभ्यास एकत्र तपासले. जी कारणं पुढं आली, ती ऐकून तुम्हांला आपल्याच गल्लीतली वाटतील. दमा हा कायम सांभाळायचा आजार आहे हे पटत नाही, तो अधूनमधून येणारा त्रास वाटतो. रोजच्या पंपाची भीती वाटते. 'दमा' हा शब्द स्वीकारायला घरचे तयार नसतात. रोजची देखभाल मागं पडते आणि अटॅक आला की इस्पितळाकडे धाव, हाच उपचार होऊन बसतो. भाषेची अडचण असते. पण सगळं खापर कुटुंबावर फुटत नाही. दम्याबद्दलची अपुरी माहिती डॉक्टर आणि नर्स यांच्याकडेही आढळली, संवाद दोन्ही बाजूंनी तुटलेला होता.

पूर्व लंडनमध्ये २००१ साली मोठ्या रुग्णांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, त्यांतही हेच दिसलं. त्रास वाढायला लागला की काय करायचं, कोणतं औषध किती वाढवायचं, याचा विश्वास गोऱ्या रुग्णांना जास्त होता. आपल्याकडच्या अनेकांना प्रतिबंधाचं औषध ही कल्पनाच नीट माहीत नव्हती आणि आपल्या डॉक्टरवर तेवढा भरवसाही नव्हता. डॉक्टरनं दहा मिनिटांत औषध लिहून दिलं, पण 'हा कशाला, तो कधी' हे रुग्णाला कळेल असं सांगितलं नाही, तर फुकटचं औषधही कपाटात पडून राहतं.

पण माहिती आणि औषध एवढ्यावरच ही गोष्ट संपत नाही. मूल राहतं कुठं, हा पुढचा प्रश्न. लंडनच्या लुईशॅम भागात एला अदू-किसी-डेब्रा नावाची मुलगी राहत होती. घाना देशाशी नातं असलेल्या कुटुंबातली. घराजवळून साउथ सर्क्युलर हा अतिशय वाहता रस्ता जातो. तिला तीव्र दमा होता. तीन वर्षांहून कमी काळात तिला तीसेक वेळा इस्पितळात न्यावं लागलं, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये, नऊ वर्षांची असताना, ती गेली. तिची आई रोझमंड शिक्षिका होती. तिनं पाठपुरावा सोडला नाही. पहिल्या चौकशीचा निष्कर्ष २०१९ साली उच्च न्यायालयानं रद्द केला. डिसेंबर २०२० मध्ये दुसऱ्या चौकशीत मृत्युनिर्णायक अधिकाऱ्यानं सांगितलं, की वाहनांच्या धुरानं झालेलं हवेचं प्रदूषण हे तिच्या मृत्यूचं एक कारण होतं. ब्रिटनमध्ये एखाद्याच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची अशी नोंद होण्याची ही पहिलीच वेळ. त्यानं आणखी एक गोष्ट नोंदवली. प्रदूषणानं दमा बळावतो, ही माहिती आईला कोणी दिलीच नव्हती. ती मिळाली असती तर तिनं काही पावलं उचलली असती.

अशी वाहत्या रस्त्यांकाठची, दाटीवाटीची, ओल धरणारी घरं कोणाच्या वाट्याला येतात? बहुतेक देशांत गरिबांच्या, आणि त्यांतही बाहेरून आलेल्यांच्या किंवा वर्णानं वेगळ्या लोकांच्या. याचा सर्वांत बारकाईनं अभ्यास अमेरिकेत झाला आहे. तिथं कृष्णवर्णीय मुलं दम्यासाठी गोऱ्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त भरती होतात. हा फरक रक्तातला आहे, असंही काही जण म्हणत. १९९७ साली आठ शहरांच्या गरीब वस्त्यांतल्या दमेकरी मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांच्या झोपायच्या खोलीत झुरळांची घाण मोठ्या प्रमाणात सापडली. ज्यांना झुरळांची ॲलर्जीही होती आणि ज्यांच्या खोलीत ती घाणही होती, अशा शंभर मुलांमागे वर्षाला ३७ भरती झाल्या. बाकीच्या मुलांत शंभरामागे ११. झुरळं मुलाच्या रक्तात नसतात, ती गळक्या नळाखाली आणि भिंतीच्या भेगेत असतात.

सिनसिनाटी शहरातल्या डॉक्टरांनी याच्या पुढं जाऊन हिशेब केला. दम्यासाठी एकदा भरती झालेलं मूल वर्षभरात पुन्हा भरती होतं का, ते त्यांनी पाहिलं. कृष्णवर्णीय मुलांत हे प्रमाण शेकडा २३, गोऱ्यांत ११. मग घरची मिळकत, तंगी, घराची स्थिती, औषधोपचार, डॉक्टरपर्यंतची पोच, ॲलर्जी असे सगळे घटक दोन्ही गटांत सारखे धरून गणित केलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन गटांमधला सुमारे ८० टक्के फरक या घटकांनी उलगडला, आणि त्यांतला सर्वांत मोठा वाटा होता पैशाच्या ओढगस्तीचा.

याच शहरात २०१० च्या उन्हाळ्यात एक गंमतीदार, खरं तर चीड आणणारी, गोष्ट उघडकीस आली. उकाड्यानं मुलाचा दमा वाढतो म्हणून काही कुटुंबांनी खिडकीत वातानुकूलन यंत्र बसवलं, तर 'घर खाली करावं लागेल' अशी धमकी त्यांना मिळाली. मुलांच्या डॉक्टरांनी या तक्रारी आपल्याबरोबर काम करणाऱ्या वकिलांकडे पाठवल्या. वकिलांच्या लक्षात आलं, की ही सगळी घरं एकाच मालकाच्या इमारतींतली आहेत. भाडेकरूंची संघटना झाली, आणि कीटकांचा बंदोबस्त, गळती अशी कामं इमारती-इमारतींतून सुरू झाली. डॉक्टरच्या चिठ्ठीवर कधी कधी प्लंबरचं आणि वकिलाचं नाव लिहावं लागतं, ते असं.

मग शरीराचा, अनुवंशाचा काहीच वाटा नाही का? आहे. अमेरिकेत स्पॅनिश बोलणाऱ्या सगळ्यांना एकाच गटात मोजतात. त्यांतल्या प्युएर्तो रिकोच्या मुलांत दम्याचं प्रमाण फार जास्त, तर मेक्सिकन वंशाच्या मुलांत कमी. आरामाच्या पंपाचा परिणामही प्युएर्तो रिकोच्या मुलांत सरासरीनं कमी होतो, असं आढळलं आहे. तेव्हा शरीराचा वाटा नाकारून चालणार नाही. पण झुरळं, ओल, धूर, अर्धवट घेतलेलं औषध या गोष्टी आपण बदलू शकतो, आणि त्या बदलल्या तर भरती कमी होते का, हे तपासून पाहता येतं.

बोस्टनच्या मुलांच्या इस्पितळानं २००५ पासून ते तपासलं. आसपासच्या गरीब वस्त्यांतली जी मुलं दम्यानं इस्पितळात आली होती, त्यांच्या मागं एकेक नर्स आणि वस्तीतलीच आरोग्य कार्यकर्ती दिली. ती घरी जायची. पंप कसा घ्यायचा ते आईला दाखवायची, गादीला धूळ अडवणारं कव्हर द्यायची, झुरळांचा बंदोबस्त करून द्यायची, कुटुंबाशी त्यांच्या भाषेत बोलायची. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, वर्षभरात भरती व्हावं लागलेल्या मुलांचं प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांनी उतरलं. एका वाईट वर्षानंतर पुढचं वर्ष थोडं बरं जातंच, हे जमेस धरायला हवं. पण तशाच दुसऱ्या वस्तीशी तुलना केली, तरी इस्पितळाचा खर्च इथं लक्षणीयरीत्या कमी झालेला दिसला. घातलेल्या एका डॉलरमागं जवळजवळ दीड डॉलर वाचला.

आता जरा आपल्या घराकडे वळू. इंग्लंडातल्या मुलाच्या घरची रोजच्या पंपाची भीती तिथं उगवलेली नाही. ती इथूनच सामानाबरोबर गेली आहे. भारतातल्या नऊ केंद्रांवर सव्वा लाखाहून जास्त लोकांची पाहणी झाली. पुण्याचे श्वसनरोगतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी तिच्यात सहभागी होते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत छाती घरघरणाऱ्या शंभरातल्या ८२ जणांना दम्याचं निदान मिळालेलंच नव्हतं. प्रतिबंधाचा पंप रोज घेणारे शंभरात तीनसुद्धा नव्हते.

यात आम्हां डॉक्टरांचाही दोष आहे, आणि मी स्वतःला त्यातून वगळत नाही. पूर्वी एखादी आई म्हणायची, "डॉक्टर, कागदावर दमा लिहू नका हो, मुलगी आहे, उद्या लग्नाचं बघायचंय." तेव्हा मी 'ॲलर्जिक ब्राँकायटिस' लिहून मोकळा व्हायचो. वाटायचं, आपण आईचं मन राखलं. पण ज्या आजाराला नावच नाही, त्याचं रोजचं औषध ती का देईल? छाती मोकळी झाली की औषध बंद. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा माझ्याच दारात, कधी थेट इस्पितळात. आता मी 'दमा' असंच लिहितो, आणि त्यासाठी पाच मिनिटं जास्त बसतो.

पंपाची सवय लागते, ही भीती सर्वांत मोठी. चष्म्याची सवय लागते म्हणून आपण चष्मा टाकून देत नाही. खरं तर पंपात औषध सर्वांत कमी लागतं. आरामाच्या पंपाचा एक फवारा असतो १०० मायक्रोग्रॅमचा. त्याच औषधाची गोळी दोन किंवा चार मिलिग्रॅमची, म्हणजे वीस ते चाळीस पट. गोळी सगळ्या शरीरात फिरते, फवारा थेट नळीत जातो. स्टिरॉइडच्या रोजच्या पंपानं उंचीवर किंचित, सेंटिमीटरभर, परिणाम होऊ शकतो. ते पालकांपासून लपवू नये. पण वारंवार येणारे अटॅक आणि प्रत्येक अटॅकला पोटातून द्यावं लागणारं स्टिरॉइड, याच्यापुढं तो फार लहान आहे.

गेल्या आठवड्यात आजी पुन्हा आल्या, नातीच्या पुढच्या लसीला. या वेळी मी रांग थांबवली. विचारलं, "नातवाचा रोजचा पंप चालू आहे का?" आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सूनबाई देत होती. मीच फोनवर सांगितलं, मूल बरं दिसतंय तर बंद कर, उगाच सवय लागेल."

आजींना दोष द्यावा असं मला वाटलं नाही. त्यांना हे सांगणारे आपणच होतो. मी त्यांना एका कागदावर मोठ्या अक्षरांत पाच प्रश्न लिहून दिले. तुमच्या घरातही दमा असलेलं मूल असेल, इथं किंवा परदेशात, तर तुम्हीही ते विचारून पाहा.

पहिला, प्रतिबंधाचा पंप रोज चालू आहे का, बरं असतानाही? दुसरा, पंप स्पेसर लावून घेतो का, आणि कसा घेतो ते डॉक्टर-नर्ससमोर करून दाखवलं आहे का? तिसरा, आरामाचे पंप वर्षात किती संपतात? दोनशे फवाऱ्यांचे तीन किंवा जास्त संपत असतील, तर दमा ताब्यात नाही, डॉक्टरांना भेटायला हवं. चौथा, अटॅक आला तर काय करायचं, किती फवारे द्यायचे, केव्हा इस्पितळ गाठायचं, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं आहे का? तो कागद शाळेतही आहे का? पाचवा, मुलाच्या खोलीत ओल, बुरशी, झुरळं, सिगरेटचा धूर आहे का? भरती होऊन घरी आल्यावर दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावं, असं ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात. तेही आजींच्या कागदावर खाली लिहिलं.

त्याच रात्री आजींनी फोन लावला. दुसऱ्या दिवशी मला निरोप आला. पंप पुन्हा सुरू झाला आहे, आणि मुलाच्या पलंगामागच्या भिंतीवर काळी बुरशी आहे. घर भाड्याचं आहे, मालकाला दोनदा सांगून झालं आहे. मी आजींना कळवलं, की तिथल्या डॉक्टरांना हेही सांगायला सांगा, त्यांच्याकडून पत्र घ्या, आणि ते मालकाला द्या. नातीची पुढची लस महिन्याभरानं आहे. तेव्हा विचारीन, भिंतीचं काय झालं ते.

(रेडिओवरील भाषणावरून संपादित)